गाजर, गोळी आणि गाठ

वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयावरची निघाली : अ जीवनसत्त्वाने कातडीचा कर्करोग टळतो का? विचारणारी चार माणसं मात्र इतक्या वेगळ्या ठिकाणी उभी आहेत, की चौघांना एकच उत्तर दिलं तर कुणाचं तरी नुकसान होईल. म्हणून या अंकात एवढा एकच विषय घेते. गजकर्णाची आणि केसगळतीची पत्रं माझ्याकडे आहेत, ती पुढच्या महिन्यात.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ६७, सांगोला तालुका. फोनवर बातमी आली की अ जीवनसत्त्वाने कातडीचा कॅन्सर १७ टक्क्यांनी कमी होतो. मी रोज तीन-चार तास डाळिंबाच्या बागेत उन्हात असतो, म्हणून मेडिकलमधून ५०,००० युनिटच्या कॅप्सूल आणल्या. चार महिने रोज एक घेतो आहे. मुलगा म्हणतो, बंद करा. पण अंगणवाडीत एवढ्याशा पोराला एका वेळी २ लाख युनिट पाजतात हे मी स्वतः पाहिलं आहे. मग माझे पन्नास हजार जास्त कसे? हल्ली ओठ फुटतात, डोकं जड असतं, ते उन्हामुळे असावं. दिवसाला सात-आठ बिड्या होतात, हेही कबूल करतो.

उत्तर : गुरुजी, कॅप्सूल आजच बंद करा. मुलाचं बरोबर आहे.

अंगणवाडीचा हिशेब आधी करू, कारण तुमची शंका रास्त आहे. मुलं रातांधळी होऊ नयेत म्हणून १९७० पासून आपल्याकडे हा डोस दिला जातो. तो २ लाख युनिटचाच असतो, पण सहा महिन्यांतून एकदा. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि तिथून शरीर ते पुरवून पुरवून वापरतं. २ लाखांना सहा महिन्यांच्या दिवसांनी भागा. रोजचे जेमतेम १,१०० युनिट होतात. तुम्ही रोज ५०,००० घेता आहात. म्हणजे सहा महिन्यांत ९० लाखांच्या वर, अंगणवाडीचे पंचेचाळीस डोस. मोठ्या माणसाने तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व रोज १०,००० युनिटच्या वर घेऊ नये, अशी मर्यादा आहे. ब आणि क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. अ जात नाही, साठत राहतं. ओठ फुटणं, डोकं जड होणं ही त्या साठ्याचीच खूण असण्याची शक्यता जास्त आहे. उन्हात तर तुम्ही चाळीस वर्षं आहात. या आठवड्यात यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना कॅप्सूलचं पाकीट दाखवा.

आता ती १७ टक्क्यांची बातमी. ती खोटी नाही. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातली आहे. ७५,१७० स्त्रिया आणि ४८,४०० पुरुष, बहुतेक परिचारिका आणि आरोग्यसेवेतली माणसं. ती काय खातात हे पंचवीसहून जास्त वर्षं नोंदवलं गेलं. त्यांतल्या ३,९७८ जणांना स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातला कर्करोग झाला. ज्यांच्या खाण्यात अ जीवनसत्त्व सगळ्यात जास्त होतं त्यांच्यात तो सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आढळला.

तुम्ही गणित शिकवलं आहे की नाही ते पत्रात नाही, पण हे गणित तुम्हाला आवडेल. सव्वा लाखात चार हजार, म्हणजे शंभरात साधारण तीन माणसं. तिनातले १७ टक्के म्हणजे अर्धा माणूस. तोही गोऱ्या कातडीचा, जिला ऊन आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. शिवाय त्या लोकांना मिळालेलं अ जीवनसत्त्व मुख्यतः ताटातलं होतं, बाटलीतलं नव्हे. आणि भरपूर भाज्या-फळं खाणारा माणूस टोपी घालणारा, सिगरेट न ओढणाराही असू शकतो. नुसत्या नोंदींमधून हे पूर्ण वेगळं काढता येत नाही.

गोळीची खरी परीक्षा ॲरिझोनात झाली, तिथल्या वाळवंटी उन्हात. कातडीवर उन्हाचे खरखरीत चट्टे असलेल्या सुमारे २,३०० लोकांपैकी निम्म्यांना रोज २५,००० युनिट दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. पाच वर्षांपर्यंत. स्क्वॅमस सेल कर्करोग सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. बेसल सेल नावाच्या दुसऱ्या कर्करोगावर काहीच परिणाम झाला नाही. मग ज्यांना आधीच चार किंवा जास्त वेळा कातडीचा कर्करोग होऊन गेला होता अशा ५२५ जणांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा फायदा शून्य. दोन्ही निकाल १९९७ सालचे. म्हणजे गुण आहे, पण एका विशिष्ट टप्प्यावरच्या, उन्हाने खराब झालेल्या कातडीला, डॉक्टरांच्या नजरेखाली. तुम्ही त्या टप्प्यावर आहात असं तुमच्या पत्रातून कुठेच दिसत नाही.

बिडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटिन शरीरात जाऊन अ जीवनसत्त्व होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला : गोळ्या घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त झाला. अमेरिकेत बीटा कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व दोन्ही एकत्र दिलेला तसाच प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण तिथे हा आकडा २८ टक्क्यांवर गेला होता. तेव्हा बिडी ओढणाऱ्याने यातली कुठलीच गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. भाजीची मात्र भीती नाही. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, लाल भोपळा, पपई यांतून शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. भाजीला फोडणीचं तेल असू द्या, त्याशिवाय ते अंगी लागत नाही.

आणि बागेत जाताना गांधी टोपीवर उपरणं घ्या. टोपीने डोकं झाकतं. कान, मान आणि खालचा ओठ उन्हातच राहतात. कॅप्सूल थांबवूनही महिन्या-दीड महिन्यात खालचा ओठ बरा झाला नाही, किंवा त्यावर पांढरा चट्टा दिसला, तर दाखवायला या. बिडी जिथे टेकते त्या ओठाची मला तुमच्या पाठीपेक्षा जास्त काळजी आहे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. दोन वर्षांचा असल्यापासून तोंडावर, हातांवर काळे तीळ वाढत गेले, उजेडात डोळे उघडत नाही. गेल्या वर्षी नाकावरची गाठ काढली, तपासणीत कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी झेरोडर्मा पिगमेंटोसम असं नाव लिहून दिलं. पुन्हा गाठी आल्या तर अ जीवनसत्त्वाच्या जातीच्या गोळ्या द्याव्या लागतील म्हणाले. गोळ्यांऐवजी गाजराचा रस दिला तर चालेल का? मी माझ्या आत्याच्या घरात दिली आहे. सासरचे म्हणतात ग्रहणात मी बाहेर पडले म्हणून असं झालं. (नांदेड जिल्हा)

उत्तर : ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. तुम्ही बाहेर पडल्यामुळे किंवा काही खाल्ल्यामुळे हे झालेलं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशीतला डीएनए रोज थोडा थोडा बिघडतो आणि आपल्या पेशी तो रोज दुरुस्त करतात. या मुलांच्या पेशींना ती दुरुस्ती जमत नाही, हे १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवून दिलं. त्यासाठी बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. एकाच आजोबांच्या कुळातून आलेल्या मामे-आतेभावंडांत दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. म्हणजे ते जितकं तुमच्याकडून आलं तितकंच तुमच्या यजमानांकडून आलं. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा आजार बाळाला होण्याची शक्यता चारात एक आहे. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी जनुकीय तपासणीबद्दल विचारा.

मी स्वतः हा आजार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओळखला नव्हता. नव्वदच्या दशकात निवासी डॉक्टर होते. आठ वर्षांची मुलगी आली, गालभर, कपाळभर तीळ. मी केसपेपरवर ‘तीळ’ असं लिहिलं, मलम दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ती सात महिन्यांनी पुन्हा आली तेव्हा खालच्या पापणीवर गाठ होती. आमच्या सरांनी तिच्या आईला एकच विचारलं, “उन्हात डोळे उघडते का हो ही?” आई रडायला लागली. तो प्रश्न मी सात महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. तेव्हापासून तीळ असलेलं कुठलंही लहान मूल आलं की मी पहिल्यांदा त्याला खिडकीकडे बघायला सांगते.

आता गोळ्यांचं. अ जीवनसत्त्वापासून शरीर रेटिनॉइक आम्ल बनवतं. ते पेशीच्या केंद्रकात एका विशिष्ट कुलपात किल्लीसारखं बसतं आणि पेशीला सांगतं की आता वाढत सुटू नकोस, शहाणी हो, तुझं काम कर. हे कुलूप १९८७ मध्ये फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळं शोधून काढलं. कर्करोगाकडे निघालेली पेशी हे सांगणं ऐकेनाशी होते. आयसोट्रेटिनॉइन किंवा ॲसिट्रेटिन ही औषधं तेच सांगणं फार मोठ्या आवाजात सांगतात.

त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा तुमच्या मुलासारख्याच रुग्णांमधून आला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केनेथ क्रेमर आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या पाच रुग्णांच्या आधीच्या सगळ्या गाठी काढल्या आणि दोन वर्षं आयसोट्रेटिनॉइन दिलं. आधीच्या दोन वर्षांत त्या पाच जणांना मिळून १२१ गाठी झाल्या होत्या, औषधाच्या दोन वर्षांत २५. हा निकाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा १२१ आणि २५ हे आकडे वहीत लिहून ठेवले होते, ती वही अजून आहे. पण त्याच अभ्यासात पुढे आहे ते तुम्हाला माहीत असलंच पाहिजे : औषध बंद केल्यावर गाठींचं प्रमाण सरासरी साडेआठ पटींनी वाढलं. औषध त्या गाठींना दाबून धरतं. जनुक दुरुस्त करत नाही.

आणि दाबून धरण्याची किंमत असते. ओठ, डोळे, नाक कोरडं पडतं, रक्तातली चरबी वाढते, यकृतावर ताण येतो. वाढत्या मुलाच्या हाडांवर परिणाम होऊ शकतो, आणि तुमचा मुलगा सहाच वर्षांचा आहे. म्हणून डॉक्टर “पुन्हा आल्या तर” म्हणाले, ते विचार करूनच म्हणाले असणार. सुरू करायची वेळ आली तर त्यांना विचारा : किती डोस, रक्त दर किती दिवसांनी तपासायचं, हाडांवर लक्ष कसं ठेवायचं, आणि गोळ्या थांबवल्या तर पहिल्या वर्षात गाठी किती वेळा तपासायला आणायचं. मी सांगितलेल्या त्या मुलीला पुढे या गोळ्यांचा चांगला गुण आला. पण ओठ सोलवटतात म्हणून घरच्यांनी न विचारता बंद केल्या आणि वर्षभर तपासायलाही आणलं नाही. तसं कृपा करून करू नका. त्रास झाला तर डोस कमी करता येतो.

गाजराचा रस द्या, मुलाला आवडत असेल तर रोज द्या. पण गोळीच्या जागी नको. दोन्ही एकाच घराण्यातले असले तरी गाजराने ते दाबून धरण्याचं काम होत नाही. शरीर गाजरातून गरजेपुरतंच घेतं, मघाशी गुरुजींना सांगितलं तसं. आणि गोळ्या सुरू झाल्या की अ जीवनसत्त्वाचं टॉनिक मात्र अजिबात देऊ नका, दोन्हींचा भार एकत्र पडतो.

खरं औषध, ताई, अंधार आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते तसंच आहे. घरातल्या आणि शाळेतल्या खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा. साध्या काचेतून त्यातले काही किरण आत येतातच. वर्गात खिडकीपासून लांबचा बाक मागून घ्या. जाड विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा, मागे मान झाकणारी रुंद काठाची टोपी, कडेनेही बंद असणारा चष्मा. उघड्या राहणाऱ्या कातडीवर, ओठांवरही, सनस्क्रीन सढळ हाताने, दर दोन तासांनी. ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावं लागेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि कान तपासणाऱ्यांना वर्षातून एकदा दाखवा, कारण या आजाराच्या साधारण चौघांतल्या एका मुलाला पुढे ऐकण्याचा किंवा मेंदूच्या नसांचा त्रास होतो. तुम्ही स्वतः दर रविवारी अंघोळीनंतर त्याला टाळूपासून तळपायापर्यंत बघा. वाटाण्याएवढी व्हायच्या आत गाठ काढली तर व्रण लहान राहतो.

खेळायचं राहिलं. दिवस मावळल्यावर त्याला मनसोक्त खेळू द्या. गल्लीतल्या चार पोरांच्या आयांना विश्वासात घेऊन रात्री आठचा खेळ ठरवून टाका. माझ्या ओळखीच्या एका घरात अंगणात दिवे लावून रोज लगोरी होते.

प्रश्न : माझं वय २८. मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन क्रीम लावते. त्याने पुढे कॅन्सर होणार नाही असं ऐकलं. भावाच्या मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या उरल्या आहेत, त्याही घ्याव्यात का? लग्नाला चार महिने झाले. (ठाणे)

उत्तर : गोळ्या घेऊ नका. एकही नाही. आयसोट्रेटिनॉइन घेताना दिवस राहिले तर बाळाच्या चेहऱ्यात, हृदयात, मेंदूत गंभीर दोष होऊ शकतात. घेतलीच असेल तर थांबवून किमान एक महिना गर्भधारणा टाळा आणि डॉक्टरांशी बोला. याच जातीचं ॲसिट्रेटिन असेल तर तीन वर्षं थांबावं लागतं. उरलेल्या गोळ्या भावाने घरात कुणाच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत.

तुमचं क्रीमही अ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं आहे. त्याने मुरुम जातील, कर्करोग टळेल असं नाही. अमेरिकेत १,१३१ माजी सैनिकांपैकी निम्म्यांनी चेहऱ्याला आणि कानांना हेच औषध वर्षानुवर्षं लावलं, निम्म्यांनी औषध नसलेलं क्रीम. औषध न लावणाऱ्यांइतकेच कर्करोग लावणाऱ्यांनाही झाले. मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करण्याआधी क्रीमही बंद करा. मुरुमांसाठी गरोदरपणात चालणारी दुसरी मलमं आहेत, ती लिहून घ्या.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. शेतात राबलेल्या, अजून खुरपणीला जातात. परकराच्या नाडीने कमरेला काच पडून पडून तिथली कातडी काळी, जाड झाली आहे. सहा महिन्यांपासून उजव्या बाजूला तिथे जखम आहे, भरत नाही, कडा वर आलेल्या आहेत. हळद लावून झाली. आता कुणी सांगितलं की अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावा, त्याने कॅन्सर होत नाही. लावू का? (बार्शी तालुका)

उत्तर : लावू नका, आणि या उत्तरासाठी अंकाची वाट बघावी लागली याचं मला वाईट वाटतं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी पोस्टकार्ड टाकलं आहे. तरी इथेही लिहिते, कारण ही जखम फक्त तुमच्या घरात नाही.

कातडीचा कर्करोग म्हटलं की सगळे चेहऱ्यावरचं ऊन बघतात. आपल्याकडे तो अशा ठिकाणीही होतो जिथे ऊन कधी पोचलेलं नसतं : जुन्या भाजल्याच्या व्रणात, न भरणाऱ्या जखमेत, आणि वर्षानुवर्षं काचलेल्या कमरेवर. हे जगाला सांगितलं ते मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत खानोलकरांनी. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. साडी आणि परकराच्या नाडीचंही तेच आहे. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरून शेकणाऱ्यांना पोटावर, मांड्यांवर होतो.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात कमरेचा पट्टा दाखवायला म्हणून कुणीच येत नाही. बाई येते खाजेसाठी, पाठीवरच्या नायट्यासाठी. मी परकर थोडा सैल करायला सांगते तेव्हा तो काळा पट्टा दिसतो, आणि बाई म्हणते, “ते काय, सगळ्या बायकांना असतंच की.” असतं, आणि बहुतेकींचा पट्टा आयुष्यभर नुसता काळाच राहतो. पण सहा महिने न भरलेली, कडा वर आलेली जखम सगळ्या बायकांना नसते.

अशा जखमेवर कुठलंही तेल, कॅप्सूल, हळद लावण्यात महिने जातात. आधी त्या कडेचा तुकडा काढून तपासावा लागतो. भूल देऊन दहा मिनिटांत होतं, एक-दोन टाके पडतात. कर्करोग निघाला आणि तो लहान असला तर बाजूच्या चांगल्या कातडीच्या पट्ट्यासकट कापून काढला की बहुतेक वेळा काम तेवढ्यावर भागतं. तुमच्या जवळच बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, नाहीतर सोलापूरचं शासकीय रुग्णालय. जांघेत गाठ लागते का तेही डॉक्टरांना बघायला सांगा.

नाडी तोवर सोडायची. परकराला नेफ्यात चार बोटं रुंद पट्टी शिवून घ्या, किंवा घरी असताना त्यांना सैल गाऊन घालायला द्या. शेतावर जाताना गाठ रोज एकाच जागी बसणार नाही असं बघा. तुमच्या स्वतःच्या कमरेवरही एकदा आरशात बघा. तिशीत पट्टा धरायला लागतो.

सासूबाई दवाखान्याला तयार नसतील तर त्यांना म्हणावं, सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी असते. केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका, थेट माझ्या खोलीपाशी येऊन माझं पोस्टकार्ड दाखवा.